विकत मिळणारी नोकरी

विद्येचें फळ ज्ञान होय, असें आम्ही वर्गांत सांगतों. परंतु ज्या घरांतून आमचे विद्यार्थी येतात त्या घरांत विद्येचें फळ नोकरी हेंच समजलें जातें, आणि तसें समजणाऱ्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या बापानें उसाच्या फडांत आयुष्य घालविलें, ज्या आईनें चार घरचीं भांडीं घासून मुलीच्या वह्यापुस्तकांची सोय केली, त्यांनीं मुलांच्या पहिल्या पगाराची वाट पाहावी हें स्वाभाविकच आहे. ही आशा फार पवित्र वस्तु आहे. आणि म्हणूनच तिच्यावर डल्ला मारणारा चोर घरफोड्यापेक्षांहि नीच समजला पाहिजे. खोट्या नोकऱ्या विकणाऱ्या अशा भामट्यांविषयीं, आणि आमच्याच ज्या एका समजुतीवर त्यांचें दुकान चालतें तिच्याविषयीं, चार शब्द लिहावे असा माझा हेतु आहे.

हा धंदा आजचा नव्हे. १८३४ सालापासून मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येनें जाऊं लागले. कलकत्ता व मद्रास या बंदरांप्रमाणें मुंबई बंदरांतूनहि माणसें गेलीं. त्यांत मराठी कुटुंबेंहि होतीं, आणि त्यांचे वंशज आजहि त्या बेटावर गणेशोत्सव साजरा करितात. गांवोगांव फिरून माणसें गोळा करणाऱ्या दलालांस माणसामागें पैसे मिळत. मग समुद्र किती दूर, काम किती तास, परत येणें केव्हां, हें त्या मजुरांस खरें कोण सांगणार? तिकडे दगड उचलला कीं खालीं सोनें सांपडतें, अशी थाप मारून आमच्या पूर्वजांस आणलें, असें मॉरिशसमध्यें पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें जातें. हिंदुस्थानांतील ही करारबद्ध मजूरभरती १९१७ सालीं थांबविण्यांत आली. परंतु दगडाखालचें सोनें दाखविणारा दलाल मात्र गेला नाहीं. फरक एवढाच कीं, त्या मजुरांपैकीं बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. आजचा उमेदवार पुष्कळदां पदवीधर असतो. तेव्हां केवळ अक्षरओळख हें या रोगावरील औषध नव्हे, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे.

याचें एक अलीकडील उदाहरण देतों. २०२२ सालच्या जून-जुलै महिन्यांत तामिळनाडूंतील निदान २८ तरुण नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर रोज आठ तास उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या व त्यांचे डबे मोजीत होते. सुमारें एक महिना त्यांनीं हें काम इमानेंइतबारें केलें. तिकीट तपासनीस, कारकून अशा जागांवर आपली नेमणूक झाली असून गाड्या मोजणें हा शिक्षणक्रमाचाच भाग आहे, अशी त्यांची समजूत करून देण्यांत आली होती. त्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती. त्यांस ओळखपत्रें व नेमणुकीचीं पत्रें मिळालीं होतीं, आणि तीं सर्व खोटीं होतीं. गाड्या मोजण्यापूर्वीं त्यांनीं रुपयेहि मोजले होते: कोणीं २ लाख, तर कोणीं २४ लाखांपर्यंत, मिळून २ कोटी ६७ लाख रुपये. त्यांतील बहुतेक तरुण अभियांत्रिकी किंवा तंत्रशिक्षण घेतलेले होते. ज्या वृद्ध गृहस्थाच्या ओळखीनें ते या जाळ्यांत गेले त्यानेंच पुढें दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली. आपणहि फसलों, असें त्याचें म्हणणें होतें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत हें वृत्त प्रसिद्ध झालें तेव्हां तें वाचून पुष्कळ लोक हंसले. मला त्यांत हंसण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. शिकलेलीं, कष्टाळू, सांगितलेलें काम निमूटपणें करणारीं हीं मुलें होतीं. तीं फसलीं कशीं, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

‘लोभामुळें फसले,’ हें उत्तर सर्वत्र ऐकूं येतें. मला तें मान्य नाहीं. पोटापुरता पगार व म्हातारपणीं निवृत्तिवेतन यांची इच्छा धरणें यास लोभ म्हणावयाचें, तर मग गरज कशास म्हणावयाचें? खरें कारण निराळें आहे. ‘वशिल्यावांचून नोकरी नाहीं आणि पैशावांचून वशिला नाहीं’ हें वाक्य आमच्या ओट्यांवर, लग्नमांडवांत व एस. टी. च्या थांब्यांवर इतक्या सहजपणें बोललें जातें कीं, लहान मुलांसहि तें पाठ असतें. ज्याच्या मनांत ही समजूत मुरली, त्याच्यापुढें पैसे मागणारा मनुष्य आला तर त्यास संशय येत नाहीं. उलट खात्री पटते. पैसे मागतो त्याअर्थीं याचा हात वरपर्यंत पोंचलेला असला पाहिजे, असें तो मनाशीं म्हणतो. भामट्यास नवें कांहींच शिकवावें लागत नाहीं. आम्हीं जें घरोघरीं अगोदरच शिकवून ठेविलें, तेंच तो कामास लावितो.

यावर कोणी म्हणेल कीं, ही समजूत सर्वस्वीं निराधार आहे काय? सर्व भरती निष्कलंक असते, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत २०२१ सालीं आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली व पोलिसांनीं अनेकांस अटक केली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यावरून मागील दारानें जावें, असें ठरत नाहीं. २०१८ सालीं भ्रष्टाचारप्रतिबंधक कायद्यांत दुरुस्ती होऊन लांच देणाराहि गुन्हेगार ठरला. भामट्यास ही गोष्ट पक्की ठाऊक असते. फसलेला मनुष्य पोलिसांकडे गेला तर ‘तूं पैसे कशासाठीं दिलेस?’ हा पहिला प्रश्न येईल, या भीतीनें तो घरीं बसतो, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसतो. म्हणजे ज्या समजुतीनें त्यास जाळ्यांत ओढलें, तीच त्याचें तोंडहि बंद करिते. माझें सगळें म्हणणें एवढ्यांत आहे: नोकरी विकत मिळते असें जोंवर आपण मानतों, तोंवर ती विकणारे तोतये निपजतच राहणार.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळूं. नोकरीचें पत्र हातीं आलें असतां त्याची परीक्षा कशी करावी? पहिली कसोटी पैशाच्या वाटेची. नोकरींत पैसा धन्याकडून चाकराकडे जातो. तो उलट्या वाटेनें जाऊं लागला कीं तेथेंच थांबावें. सरकारी परीक्षेस शुल्क असतें हें खरें; परंतु तें जाहिरातींत छापलेलें असतें, अर्जाबरोबर भरावयाचें असतें, आणि त्या खात्यानें जाहीर केलेल्या मार्गानेंच भरावयाचें असतें; कोणा एका इसमाच्या खात्यावर कधींहि नाहीं. भामट्याची रीत निराळी. प्रथम नोंदणीचे पांचशें मागतो, नंतर कागदपत्रांच्या पडताळणीचे दोन हजार, मग गणवेशाचे, मग लॅपटॉपची अनामत. आणि प्रत्येक वेळीं ‘ही रक्कम पहिल्या पगारांत परत मिळेल,’ असें आश्वासन देतो. पहिली मागणी मुद्दामच लहान असते. पुढें मनुष्य नोकरीच्या आशेनें नव्हे, तर आधीं दिलेले पैसे बुडूं नयेत म्हणून देत राहतो.

दुसरी कसोटी, पत्र कसें आलें ही. ज्या कचेरींत आपण अर्ज केला नाहीं, जेथें आपली परीक्षा झाली नाहीं, मुलाखत झाली नाहीं, तेथून नेमणूक येत नसते. मोबाईलवर दहा मिनिटें गप्पा मारून कोणी पन्नास हजारांची जागा देत नाहीं. तिसरी कसोटी पत्त्याची. मोठ्या कंपनीचें पत्र कोणासहि फुकट मिळणाऱ्या ईमेलच्या पत्त्यावरून आलें, किंवा पत्त्यांतील एखादें अक्षर बदललेलें आढळलें, तर तें तोतयाचें समजावें. पत्रावर चार सिंहांची राजमुद्रा आहे, गोल शिक्का आहे, साहेबांची सही आहे, यास कांहींच किंमत नाहीं. हें सर्व कोणत्याहि छपाईच्या दुकानांत अर्ध्या तासांत तयार होतें. चौथी कसोटी घाईची व गुप्ततेची. ‘आज सायंकाळपर्यंत पैसे भरा, नाहीं तर जागा दुसऱ्यास जाईल’, ‘हें काम आंतून करून देत आहों, कोणाजवळ बोलूं नका’, या दोन वाक्यांपैकीं एकहि ऐकूं आलें कीं समजावें, समोर भामटा आहे. खऱ्या धन्यास आपण चार माणसांचा सल्ला घेतल्यानें भय वाटत नाहीं. शेवटीं, चौकशी करावयाची ती पत्रांत दिलेल्या क्रमांकावर करूं नये; ज्याच्या सचोटीची शंका आहे त्यासच साक्षीस बोलावण्यासारखें तें होईल. त्या कचेरीचा क्रमांक स्वतः शोधून काढावा, अगर शक्य असेल तर स्वतः जाऊन विचारावें.

दुसरा एक प्रकार घरबसल्या कामाचा. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर अनोळखी मनुष्याचा निरोप येतो: अमुक चित्रफिती पाहून पसंतीची खूण करा, प्रत्येकीमागें पन्नास रुपये मिळतील. पहिल्या दिवशीं शेंदोनशें रुपये खरोखरच खात्यावर जमा होतात. कोळी गळास आमिष लावितो तें माशाची भूक भागावी म्हणून नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ‘मोठें काम’ येतें व त्यासाठीं आगाऊ भरणा करावा लागतो. पडद्यावर नफ्याचा आंकडा वाढत जातो, परंतु तो काढून घेऊं म्हटलें कीं आणखी भरणा मागतात. याहून घातक प्रकार बँकेच्या खात्याचा. ‘तुमच्या खात्यावर येणारी रक्कम पुढें पाठवा, शेंकडा अमुक दलाली घ्या,’ असें काम कोणी देऊं केलें, तर तो चोरीचा माल आपल्या घरांतून नेण्याचा बेत आहे असें समजावें. दुसऱ्या कोणास लुबाडून आणलेला तो पैसा असतो, आणि पोलीस प्रथम ज्याच्या दारीं येतात तो त्या खात्याचा धनी असतो.

परदेशच्या नोकरीविषयीं अधिक सावधपणा पाहिजे. कारण तेथें पैशाबरोबर देहहि परक्याच्या हातीं जातो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानें परदेशीं माणसें पाठविणाऱ्या दलालास सरकारी परवाना आवश्यक केला, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या मेहनतान्याची मर्यादा नियमांनीं ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी ठरवून दिली. परवाना खरा कीं खोटा हें सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहतां येतें. येथें एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. दहावी न झालेला मनुष्य आखाती देशांसारख्या ठराविक देशांत मजुरीस जाऊं लागला, तर त्याचे कागद तपासून सरकारी परवानगी देण्याची पद्धत या कायद्याखालीं पडली; दहावी उत्तीर्ण झालेल्यास मात्र तिची जरुरी ठेविली नाहीं. शिकलेला मनुष्य आपले कागद स्वतः वाचील, असा सरकारचा विश्वास. अर्थात् दहावीच्या प्रमाणपत्राबरोबर आपल्यावर एक जबाबदारीहि येते. ती न ओळखतां, करारपत्र न वाचतां, पर्यटकाच्या व्हिसावर जो नोकरीस निघाला तो विमानांत बसण्यापूर्वींच परवश झाला.

अशा परवशतेचें भयंकर रूप गेल्या कांहीं वर्षांत आग्नेय आशियांत दिसून आलें. थायलंडमध्यें संगणकावरील चांगल्या पगाराची नोकरी म्हणून तरुणांस बोलाविलें जातें, तेथून सरहद्द ओलांडून म्यानमारमध्यें नेलें जातें, पासपोर्ट काढून घेतला जातो, आणि तारांच्या कुंपणाआड बसवून जगांतील इतर लोकांस इंटरनेटवरून फसविण्याचें काम त्यांजकडून मारहाण करून करविलें जातें. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानें ऑगस्ट २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत म्यानमारमध्यें निदान १,२०,००० व कंबोडियांत सुमारें १,००,००० माणसें अशा रीतीनें अडकलीं असावींत, असा अंदाज दिला आहे. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें विमानदलाच्या विमानांतून ५४९ भारतीयांस परत आणलें. पुढील महिन्यांत महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनींहि साठांहून अधिक माणसांची सुटका झाल्याचें व कांहीं दलालांस अटक केल्याचें जाहीर केलें. या प्रकरणाचा विचार करितां मन विषण्ण होतें. ज्या मुलास खोट्या नोकरीनें फसविलें, त्यासच दुसऱ्यास फसविण्याची नोकरी करावी लागते! आपल्या मोबाईलवर येणारा तो गोड निरोप अशाच एखाद्या बंदिवानाच्या हातून लिहिला गेला असेल.

इतकी काळजी घेऊनहि कोणी फसला तर काय करावें? पहिली गोष्ट म्हणजे विलंब करूं नये. १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक सर्व देशांत चालतो. पैसे गेल्याचें ध्यानांत येतांच तेथें कळविलें, तर रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पसार होण्यापूर्वीं ती अडविण्याचा संभव असतो. प्रत्येक तास मोलाचा आहे. निरोप, पावत्या, क्रमांक, पत्रें यांपैकीं कांहींहि रागानें किंवा लाजेनें पुसून टाकूं नये. तोच पुरावा होय. आपण ज्यास इतके दिवस ‘चारशेंवीस’ म्हणत आलों, त्या फसवणुकीच्या गुन्ह्याचें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत ३१८ झालें. आंकडा बदलला तरी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद कायम राहिली. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतों, थोडी फी भरा,’ असें म्हणत जो दुसरा मनुष्य येतो, तो बहुधा पहिल्याचाच भाऊबंद असतो, हेंहि विसरूं नये.

परंतु तक्रार करण्याच्या आड सर्वांत मोठी धोंड येते ती कायद्याची नव्हे, घराची. मुलगा फसला हें कळतांच ‘एवढें शिकवून काय उपयोग?’ असा पहिला उद्गार बापाच्या तोंडून निघतो, शेजारी हंसतात, नातेवाईक आपण दिलेल्या उसन्या पैशांची आठवण करून देतात. अशा घरांतला मुलगा पहिल्या पांच हजारांच्या वेळीं बोलत नाहीं. पन्नास हजार गेल्यावर बोलतो, आणि कांहीं मुलें तर तेव्हांहि बोलत नाहींत. तीं काय करून बसतात याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतों. पालकबंधुभगिनींस माझी हात जोडून विनंति आहे कीं, पैसा गेला तर तो पुन्हां मिळवितां येतो. मुलाचा आपल्यावरील विश्वास गेला तर तो सहजासहजीं परत येत नाहीं. ज्यानें फसविलें तो अपराधी. जो फसला तो नव्हे. हा भेद आपण घरांत स्पष्ट ठेविला, तर भामट्याचें अर्धें बळ तेथेंच सरेल, कारण आपल्या गप्प बसण्यावरच तर तो जगतो.

आम्हां शिक्षकांचेंहि कर्तव्य आहे. अर्ज कसा लिहावा हें आम्ही दहावीच्या वर्गांत शिकवितों; आलेलें उत्तर कसें वाचावें हें मात्र शिकवीत नाहीं. भाषेच्या तासास एखादें खोटें नेमणूकपत्र फळ्यावर लिहून त्यांतील दोष मुलांकडून काढवावे. जाहिरात, अर्ज, परीक्षा, यादी, नेमणूक हा खऱ्या भरतीचा क्रम त्यांस समजावून द्यावा. निबंधाच्या एका तासापेक्षां याचा उपयोग कमी होईल, असें मला वाटत नाहीं. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे, ‘ओळख असल्याशिवाय कांहीं होत नाहीं,’ हें वाक्य आम्हीं स्वतःच्या तोंडून मुलांसमोर काढूं नये. तें आम्हीं जितक्या वेळां उच्चारितों, तितक्या वेळां त्या भामट्याची जाहिरात आम्ही फुकट करितों.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण या वर्षीं शाळा सोडून जाल. नोकरीस वेळ लागेल. कदाचित् दोन वर्षें लागतील, पहिला पगार थोडा असेल, कदाचित् मनाजोगें काम मिळणारहि नाहीं. त्या दिवसांत कोणीतरी येऊन, थोड्याशा पैशांत हें सगळें टाळून देतों, असें म्हणेल. आणि तो बहुधा परका नसेल, ओळखीच्या कोणाचा तरी ओळखीचा असेल. त्या वेळीं एक रुपयाहि हातावेगळा करण्यापूर्वीं तो कागद दुसऱ्या कोणास तरी दाखवा: वडिलांस, थोरल्या बहिणीस, बँकेंतील एखाद्या कारकुनास. कोणीच नसेल तर शाळेंत घेऊन या. शाळा सोडल्याचा दाखला घेतला म्हणून शाळेचें दार बंद होत नाहीं.